कुडपणचा न भाजलेला राब

मी नांगर कधी धरला नाही, बैलाच्या शेपटीला हात लावला नाही, आणि तरीही एक अख्खं शेत बुडवलं. तेही वर्गात उभं राहून, हातात खडू धरून. असा पराक्रम कुलाबा जिल्ह्यात दुसऱ्या कोणाच्या नावावर असेल तर त्याने पुढे यावं. मी त्याचे पाय धुऊन त्याला घरात घेईन.

पोलादपूरला हायस्कूल निघून तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. मी पुण्याहून सायन्सची पदवी घेऊन उतरलो. पदवी तिसऱ्या वर्गातली होती, पण ते मी कोणाला सांगितलं नाही आणि विचारणारंही कोणी नव्हतं. महाडपासून घाटाच्या पायथ्यापर्यंत सायन्स शिकलेला मी एकटाच, असं मी छाती काढून सांगत असे. महाडात डॉक्टर होते, पण ते मी मोजत नसे.

शाळा भरायची एका जुन्या भाताच्या गोदामात. पावसाळ्यात फळ्याला इतकी ओल धरायची की वर लिहिलेलं खाली ओघळून यायचं. प्राण्यांचं वर्गीकरण लिहिलं की तास संपायच्या आत बेडूक सस्तन प्राण्यांत जाऊन बसायचा आणि पोरं ते तसंच उतरवून घ्यायची. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. त्यात तीन परीक्षानळ्या, त्यांतल्या दोन अखंड. एक लोहचुंबक, ज्याला टाचणीसुद्धा ओळख देत नसे. आणि बाटलीत बुडवलेला एक विंचू, ज्याला परीक्षेच्या आधी पोरं हळद-कुंकू वाहायची.

आता पानात पिष्ट तयार होतं हे डोळ्यांनी दाखवायचं, तर पान स्पिरिटमध्ये उकळावं लागतं. आणि ते दारूबंदीचे दिवस. हेडमास्तरांनी स्पिरिटसाठी रीतसर अर्ज केला. सहा महिन्यांनी उलट विचारणा आली की स्पिरिट कोणाला लागतं, त्याचं वय काय आणि ही सवय त्याला कधीपासून आहे. हेडमास्तर सज्जन माणूस, त्यांनी घाबरून अर्ज मागे घेतला. वरच्या वाड्यांतून हव्या तेवढ्या बाटल्या आणून देतो, असं नववीतल्या तिघांनी मला एकेकटं गाठून सुचवलं होतं. पण पुढचा प्रयोग पानावर न होता माझ्यावर होईल, या भीतीने मी नको म्हटलं.

तेव्हा प्रकाशसंश्लेषण मी शिकवलं ते नुसत्या तोंडाने. आणि तोंड हे माझ्याकडचं एकमेव उपकरण असं होतं की ते कधी बिघडलं नाही.

मी म्हटलं, पान म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर. सूर्य म्हणजे चूल, मुळं म्हणजे पाणक्या, हरितद्रव्य म्हणजे सुगरण, आणि हवेतला कर्बाम्ल वायू म्हणजे शिधा. मग मला रंग चढला. मी म्हटलं, हे ऐनाचं झाड दहा खंडी वजनाचं असेल, तर त्यातलं नऊ खंडी वजन हवेतून आलेलं आहे. हवेतून! मातीतून आलं चिमूटभर.

मागच्या बाकावरचा उमरठचा एक आडदांड पोरगा उठला. "गुर्जी, मंग आमी हवा खाऊन का वाढत नाय?"

"तू हिरवा नाहीस म्हणून."

"शेवाळात लोळून येऊ काय?"

वर्ग हसला, मीही हसलो. तेवढ्यात मुलींच्या बाकावरून एक हात वर आला. मुलींचा बाक म्हणजे तीनच मुली. दोन गावातल्या, व्यापाऱ्यांच्या, आणि ही एक कुडपणची.

कुडपण म्हणजे पोलादपूरच्या डोक्यावर ठेवलेलं पठार. ती वाट चढायला तिला तीन तास लागत. मला किती लागत ते विचारू नका. एकदा मी नवी चप्पल घालून निघालो आणि पोचलो तेव्हा ती फॅशन जाऊन दुसरी आली होती. रोज येणं-जाणं शक्यच नव्हतं, म्हणून ती पोलादपुरात मावशीकडे राहायची. मावशीच्या घरी खाणारी तोंडं आधीच सात. पण दर महिन्याला तिचा बाप खांद्यावर तांदळाचं ओझं घेऊन कुडपणहून उतरायचा आणि मावशीच्या ओटीवर ठेवायचा. त्या तांदळावर तिची शाळा चालायची. दोन भाऊ मुंबईला गिरणीत होते, त्यांचं त्यांनाच पुरत नव्हतं. बापाने मात्र ठरवून टाकलं होतं की ही मॅट्रिक होणार, मास्तरीण होणार आणि कुडपणला शाळा काढणार. ओझं उतरवून घाम पुसत तो शाळेत यायचा, दाराशी उभा राहायचा आणि मला विचारायचा, "व्हईल ना, गुर्जी?" मी म्हणायचो, "होईल म्हणजे? तुमच्या पोरीला पुण्याहून बोलावणं येईल!" पुण्याला तिचं नाव कोणाला माहीत होतं? पण बाप खूश होऊन तीन तासांची चढण चढून जायचा. त्याच्या पायांना माझ्या थापांचं तेल लागत असावं.

तर त्या मुलीने हात वर केला आणि उभी राहिली.

"गुर्जी, आमच्याकडं राबाला ऐनाच्या फांद्या तोडतात. मग आम्ही झाडाचं स्वयंपाकघरच तोडतो का?"

राब हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. मास्तरकीचं निम्मं शिक्षण तेच. "जरा नीट सांग बघू सगळ्यांना," असं म्हणून मी तिच्याकडूनच माहिती काढली. थंडीत ऐनाच्या, किंजळीच्या पालेदार फांद्या तोडायच्या, त्याला म्हणतात कवळ. तो सुकवायचा. भाताचं रोप जिथं करायचं त्या तुकड्यावर शेण, कवळ, झडलेल्या पानांचा पातेरा, माती असे थर रचायचे आणि चैत्र-वैशाखात पेटवून द्यायचं. जमीन भाजून निघाली की मिरगाच्या आधी त्यात भात पेरायचं. त्या भाजलेल्या जमिनीतलं रोप उपटून मग खाचरांत लावणी. हे सगळं म्हणजे राब.

वर्गातल्या चाळीस पोरांना हे दुधाच्या दातांपासून ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या मास्तरला. आणि उत्तर मात्र मास्तरने द्यायचं होतं.

"अर्थात!" मी गरजलो. "रांधणारी सुगरण जाळायची आणि तिच्या राखेत जेवण शोधायचं, याला काय म्हणावं? राखेत असतं काय? राखेने भांडी घासतात! झाडं ठेवा, उन्हाला काम करू द्या, रोप आपोआप येईल."

"भाजल्याशिवाय?"

"भाजल्याशिवाय."

तिने ते वहीत लिहून घेतलं. माझं बोलणं इतक्या गंभीरपणे तोवर कोणी लिहून घेतलं नव्हतं. इतर पोरं मी बोलायला लागलो की खिडकीबाहेर बघायची. ती शहाणी होती.

माघात तिच्या बापाने मला वर जेवायला बोलावलं. अंगणात दहा-बारा माणसं बसली होती. कोंबडं होतं, नाचणीची भाकरी होती, आणि मी होतो. जेवण झाल्यावर बापाने कवळ तोडायच्या कोयत्याला बोट लावत विषय काढला.

"गुर्जी, पोरगी बोलते का कवळ तोडायचा नाय. राब भाजायचा नाय. तुमी सांगितलंत म्हणं."

त्या क्षणी मला 'बघू' म्हणता आलं असतं. 'मला शेतीतलं कळत नाही' म्हणता आलं असतं. पण बारा माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती, पोटात अर्धं कोंबडं होतं, आणि मी पुण्याचा सायन्सवाला होतो.

"मीच सांगितलं," मी म्हटलं.

तिचा चुलता खांबाला टेकून बसला होता. मोठा तिरकस म्हातारा. तो म्हणाला, "भाजल्याबिगर रोप? गवत येल, गुर्जी, गवत. कमरेएवढं."

"रोप ताकदवान असलं की गवत पळ काढतं."

"कुटं पळतं? महाडला?"

अंगण खो-खो हसलं. हसू माझ्यावर आलं की मी दुप्पट बोलतो, हा माझा जुना रोग. मी उठून उभा राहिलो आणि अर्धा तास असा काही बोललो की समोरच्या शेळीनेसुद्धा रवंथ थांबवला. हवेतून वजन कसं येतं, उन्हातून साखर कशी होते, परदेशात लोक नुसत्या उजेडावर पिकं कशी काढतात... तो परदेश कुठला, ते मलाही अजून सापडलेलं नाही. शेवटी म्हातारा म्हणाला, "बोलायला लय भारी हायेत मास्तर. ह्यांना नांगराला जुपला तर बैल लाजंल."

मुलगी दाराच्या चौकटीशी उभी होती. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की तिने हात वर केला आहे, वर्गात करते तसा. मी हाताने 'नंतर' अशी खूण केली. भाषण ऐन रंगात आलं होतं.

बापाने कोयता वळचणीला खोचला. "गुर्जी बोलले, मंग झालं," तो म्हणाला.

चैत्र-वैशाखात पोलादपूरच्या भोवतीचे सगळे डोंगर धुरकटले. दुपारी शाळेच्या पायरीवरून बघितलं की जिकडे तिकडे धुराच्या रेघा वर चढताना दिसत. मी मात्र कुडपणच्या बाजूला बघायचो. तिथेही धूर होताच, इतरांचा. पण त्यात एक धूर कमी आहे आणि तो माझ्यामुळे कमी आहे, असं मनात म्हणायचो. हेडमास्तरांना सांगितलं, भूगोलवाल्या मास्तरांना सांगितलं, महाडला गेलो की चहाच्या दुकानात अनोळखी माणसांना सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना सगळ्या पोलादपूर तालुक्याने माझं ऐकलं होतं. पाचव्यांदा सांगताना कोकणात राब भाजणं बंद झालं होतं.

जून उजाडला. ती दहावीत आली. पहिले काही दिवस मी रोज विचारायचो, "रोप काय म्हणतंय?"

"उगवलंय, गुर्जी," वरून बाजाराला उतरणाऱ्यांकडून कळलेलं ती सांगायची. मग, "गवतपण उगवलंय." मग एके दिवशी नुसतंच, "बाबा बेणतायत." म्हणजे गवत उपटतायत. मी म्हटलं, "छान, छान." लावणीच्या सुट्टीला ती वर गेली.

सुट्टी संपली. इतर सगळे आले, ती आली नाही. लावणी लांबली असेल असं मी समजलो.

श्रावणात मी दहावीला श्वसन शिकवायला घेतलं. त्या वेळी मी हट्टाने ठरवलं होतं की हा धडा तरी प्रयोग करून शिकवायचा. स्पिरिट नको, काही नको. टोपलीभर वाल भिजवले, फडक्यात बांधले, मोड आणले आणि वर गोणपाट घालून ठेवले. मोड येणारं बी जोरजोरात श्वास घेतं, त्यात त्याने साठवलेलं अन्न जळतं आणि उष्णता बाहेर पडते, हे दाखवायचं होतं. उष्णतामापक यंत्र शाळेत नव्हतं, म्हणून गावातल्या कंपौंडरकडून ताप बघायची नळी मागून आणली. वालात खुपसली, थांबलो, काढली.

"एकशे दोन!" मी ओरडलो.

"वालाला ताप आला!" उमरठचा पोरगा म्हणाला. "गुर्जी, काढा पाजा!"

"कपाळावर पट्टी ठेवा!" दुसरा.

वर्गात अशी धमाल कधी आली नव्हती. पोरं एकापाठोपाठ येऊन टोपलीत हात घालून बघत होती आणि खरोखर हात गरम होत होता. त्या आनंदात मी सवयीने मुलींच्या बाकाकडे वळलो. "कुडपणच्या बाईला हे दाखवायला हवं होतं. कधी येणार ती?"

हसणं हळूहळू थांबलं. उमरठच्या पोराने खाली बघितलं. त्याची आत्या कुडपणला दिली होती.

"ती नाय यायची, गुर्जी."

"का?"

"त्यांची लावनी झाली नाय."

"म्हणजे?"

"रोपच नव्हतं ना. समदं गवत." मग त्याने माझ्यावर दया करून जोडलं, "शेजाऱ्यांनी उरलंसुरलं दिलं थोडं. जून झालेलं. दोन खाचरं लावली. बाकी पडीक हाय."

ते वाल हेडमास्तरांच्या घरी गेले आणि त्यांचं बिरडं झालं. माझ्याकडेही वाटी आली. मला खाववलं नाही. तुम्ही म्हणाल, आता हा रडवायला लागला. तसं नाही. मी दुसऱ्या दिवशी सकाळी उठून खाल्लं, पण ते आंबलेलं होतं.

रविवारी मी वर चढलो. श्रावणातली ती वाट. दर चार पावलांमागे मी एकदा आडवा होत होतो. कुडपणला पोचलो तेव्हा माणूस कमी आणि चिखल जास्त होतो. घराच्या आधी शेत लागतं. तिथेच थांबलो.

खाचरांच्या बांधावर त्यांचे ऐन उभे होते. शेजाऱ्यांचे ऐन बोडके होऊन नुकते पालवत होते, ह्यांचे मात्र असे डवरले होते की खाली अंधार पडावा. मी वर्गात सांगितलेलं अक्षर अन् अक्षर त्या झाडांच्या बाबतीत खरं ठरलं होतं. पानं होती, ऊन मिळेल तेव्हा स्वयंपाक चालू होता, झाडं मजेत होती. आणि त्यांच्या खाली, राबाच्या जागेवर, चुलत्याने सांगितलं होतं तेवढंच गवत होतं. कमरेएवढं. राखेत काय असतं ते मला तेव्हा दिसलं. राखेत काय असतं यापेक्षा आगीत काय मरतं ते दिसलं. भाजताना जमिनीतलं गवताचं बी जळतं, एवढी साधी गोष्ट. कुडपणचं शेंबडं पोरही ती सांगू शकलं असतं. मीच विचारली नव्हती.

बाप घरी होता. त्याने मला पाय धुवायला पाणी दिलं, अंगावर घ्यायला घोंगडी दिली, चहा ठेवायला सांगितलं. मी वाट बघत होतो की हा कधी शिव्या घालतो. मी मनाशी उत्तरंसुद्धा जुळवून आणली होती. पण तो विचारत होता, वाटेत पडलात काय, लागलं काय.

शेवटी मीच म्हटलं, "माझं चुकलं. निदान थोड्या जागेवर करून बघायचं होतंत. सगळा राब कशाला सोडलात?"

त्याला हा प्रश्नच कळला नाही. "थोड्या जाग्यावर?" तो म्हणाला. "गुर्जींचा शब्द अर्धा पाळायचा?"

चुलता तिथेच बसला होता. त्याच्याकडे मी मोठ्या आशेने बघितलं, की हा तरी टोमणा मारील. म्हातारा पावसाकडे बघत राहिला.

माझ्या पुस्तकात एक प्रयोग होता. पानाच्या अर्ध्या भागावर काळा कागद लावायचा, अर्धा उघडा ठेवायचा, आणि मग दोन्ही भाग ताडून बघायचे. अर्धं असं, अर्धं तसं, म्हणजे खरं काय ते कळतं. सगळ्या शास्त्राचा जीव त्या अर्ध्या कागदात आहे. स्पिरिट नाही म्हणून तो प्रयोग मी गाळला होता. परीक्षेला येत नाही, असंही सांगितलं होतं.

"पोरीचं काय?" मी विचारलं.

"तांदूळ होळीपतुर पुरंल," तो म्हणाला. "मावशीला काय देऊ? तिच्या घरात सात मान्सं. गणपतीला पोरगे येतील मुंबैहून. त्यांच्यासंगती जाईल. खोलीवर चार जनं हायेत, खानावळीत जेवतात. हिच्या हातचं जेवतील."

मी म्हटलं, मी देतो तांदूळ. माझ्या शिध्यातला देतो. मावशीकडे मी पोचवतो. त्याने दोन्ही हात जोडले. "तुमच्या ताटातलं कसं घेऊ, गुर्जी?" मी हट्ट केला. त्याने पुन्हा हात जोडले. माझ्या बोलण्याला भुलून ज्याने वर्षाचं भात घालवलं, तो माणूस या एका बाबतीत माझ्या शब्दाला भुलायला तयार नव्हता. एवढं मोठं तोंड माझं, पण त्या दिवशी ते कामाला आलं नाही. मुलगी आत भाकऱ्या थापत होती. ती बाहेर आली नाही आणि मी बोलावलं नाही.

खाली येऊन हेडमास्तरांना गाठलं. त्यांच्या घरी ठेवून घ्या म्हटलं. त्यांनी आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. तिथे त्यांची आई, दोन विधवा बहिणी आणि पाच पोरं एका घोंगडीवरून भांडत होती. गावातल्या दोन व्यापाऱ्यांकडे गेलो. "परक्याची वयात आलेली मुलगी?" एवढंच ते म्हणाले, आणि दोघेही अगदी तेच म्हणाले. मी स्वतः ब्रह्मचारी, भाड्याच्या खोलीत. माझं नाव काढणंही शक्य नव्हतं. मग मी सगळ्यांना सांगत सुटलो की मुंबईत रात्रशाळा असतात, तिथे ती शिकेल, उलट जास्त चांगलं शिकेल. चार दिवस सांगितल्यावर मला स्वतःला ते खरं वाटायला लागलं.

गौरी-गणपती झाले. मुंबईवाले परत निघाले, त्या दिवशी मी एस.टी.च्या थांब्यावर गेलो. ट्रंका, नारळ, काकड्या, माणसं. ती होती, थोरला भाऊ होता आणि बाप होता. भावाच्या अंगावर टेरिलिनचा शर्ट होता. मी त्याला बाजूला घेऊन रात्रशाळेचं सांगितलं.

"नाइट स्कूल हाय ना, सर, अपने नजदीकच हाय," तो म्हणाला. "पण शाळा सातला. आमची पाळी सुटते तवा. मंग रांधनार कोन? चार जन भुके येनार." तो वाईट माणूस नव्हता. मग म्हणाला, "बघू की. करू अ‍ॅडजस्ट." ते बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता. थाप मारणारा माणूस मी लांबूनही ओळखतो.

ती ट्रंकेवर बसली होती. मला बघून उठली, वर्गात उठते तशी.

"अगं, बस, बस," मी म्हटलं. मग विचारलं, "त्या दिवशी अंगणात हात वर केला होतास. काय विचारायचं होतं?"

"विचारायचं नव्हतं, गुर्जी. सांगायचं होतं."

"काय?"

"चार हात जागा भाजू, बाकीची तशीच ठेवू, असं. दोन्हीकडं सारखंच भात पेरायचं. मग कळलं असतं." ती अगदी साधेपणाने सांगत होती. गृहपाठ तोंडी सांगावा तसं. "तुम्ही गेल्यावर बाबांना बोलले मी. ते रागावले. म्हणाले, गुर्जींची परीक्षा घेतेस काय?"

मी पाच वर्षं पुण्याला घालवून जे शिकून आलो नव्हतो, ते तिने कुडपणच्या चौकटीत उभं राहून एकटीने शोधून काढलं होतं. ते ऐकायला अख्ख्या तालुक्यात माझ्याखेरीज कोणी नव्हतं, आणि मी भाषण करत होतो.

कंडक्टरने घंटी मारली. भावाने ट्रंक वर चढवली. ती चढली, खिडकीशी जागा मिळाली नाही, मधेच कुठेतरी उभी राहिली. मला तिचा हात तेवढा दांड्यावर दिसला. गाडी महाडच्या रस्त्याला लागली.

पुढे तिचं काय झालं ते मी अनेक ठिकाणी अनेक प्रकारे सांगितलं आहे. महाडच्या चहाच्या दुकानात ती रात्रशाळेतून मॅट्रिक झाली. एका लग्नाच्या पंगतीत मी तिला नर्स केली. सगळं खोटं. मला काही ठाऊक नाही. दोन वर्षांनी भावांचं येणंही बंद झालं.

गाडी गेल्यावर थांब्यावर मी आणि तिचा बाप उरलो. त्याला परत तीन तास चढायचं होतं. तो निघाला नाही. पागोटं काढून हातात घेतलं, पुन्हा डोक्यावर ठेवलं, पुन्हा काढलं.

"गुर्जी, एक बोलू?"

मी म्हटलं, "बोला." वाटलं, आता आलं. इतके दिवस गिळलेलं आता बाहेर पडेल. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

"येत्या साली राब भाजनार हाय," तो म्हणाला. "कवळ तोडनार. तुमचा शब्द मोडतोय. राग धरू नका."

"नाही," मी म्हटलं.

"धरनार नाय ना?"

"नाही धरणार."

त्याने मान डोलावली, पागोटं बांधलं आणि तो कुडपणच्या वाटेला लागला.